पंचगंगेचा तक्ता आणि टर्मिनलमधले रंग : प्रकल्प नोंदी

काम : रोज सकाळी जाहीर होणारी नदीची पातळी, धरणांचे विसर्ग आणि तालुकावार पाऊस आर ह्या सांख्यिकी भाषेतल्या एका स्क्रिप्टमधून टर्मिनलवर (नुसत्या अक्षरांच्या कमांड-खिडकीत) छापणं, यंदा रंगांसकट.
मशीन : कोल्हापूरच्या राजारामपुरीतला जुना डेस्कटॉप, उबुंटू लिनक्स.
पाहणारे : आम्ही चौघं, त्यातले दोघं बाहेरून एसएसएचने, म्हणजे नेटवरून ह्याच मशीनवर येऊन.
मुदत : मृग निघायच्या आत.

११ मे

गेल्या वर्षीची स्क्रिप्ट उघडली. चालतेय. वर राजाराम बंधाऱ्याची पातळी, मग राधानगरीसह जिल्ह्यातल्या धरणांचे विसर्ग, मग बारा तालुक्यांचा पाऊस आणि तळाला कर्नाटकातलं अलमट्टी धरण. सगळं एकाच रंगात, एकाच ठशात.

सकाळची पाळी काकांची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, आकडा बघून पाणी कुठवर येईल ते सांगणारा माणूस. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं : "अगं, सगळ्या ओळी वाचून झाल्यावर कळतं की वाचायची ओळ एकच होती."

म्हणजे काम ठरलं. आधी कोणती ओळ वाचायची हे रंगाने सांगायचं. ह्यापलीकडे रंगाकडून काही नको. तक्ता सुंदर दिसावा अशी कुणाचीच मागणी नाही.

१२ मे

सुरुवात कलरआउटपासून. जाक्सन आकिनो यांचं पॅकेज. आर जे काही कन्सोलवर लिहितं ते वाटेतच अडवून, अक्षरं बघून त्याला रंग देतं : ऋण संख्या वेगळी, शून्य वेगळं, बाकी आकडे वेगळे, तारीख, अवतरणातला मजकूर, ट्रू-फॉल्स, ओळीच्या सुरुवातीचा चौकटी कंसातला क्रमांक, वॉर्निंग, एरर. आपल्या कोडला हात लावावा लागत नाही. क्रॅनवर, म्हणजे आर पॅकेजांच्या अधिकृत साठ्यावर, मिळत नाही. गिटहबवरून घ्यावं लागतं आणि सी कोड कंपाइल होतो, त्यामुळे मशीनवर कंपायलर हवा. फक्त लिनक्स आणि मॅकच्या टर्मिनलमध्ये चालतं. विंडोजवर नाही, आरस्टुडिओच्या कन्सोलमध्येही नाही.

रंग बदलायचं फंक्शन सेटआउटपुटकलर्स. प्रत्येक प्रकाराला एक, दोन किंवा तीन आकडे देता येतात. एकच दिला तर अक्षराचा रंग. दोन दिले तर पहिला पार्श्वभूमीचा, दुसरा अक्षराचा. तीन दिले तर सगळ्यात आधी शैली : १ म्हणजे ठळक, ३ तिरपं, ४ अधोरेखित, ७ म्हणजे अक्षर-पार्श्वभूमीची अदलाबदल. २५६ रंग एका पानावर बघायचे असतील तर शो२५६कलर्स नावाचं फंक्शन ब्राउझरमध्ये तक्ता उघडून देतं. तो उघडा ठेवला की निम्मं काम सोपं.

हे सगळं आरप्रोफाइलमध्ये (आर सुरू होताना वाचतं त्या फाइलमध्ये) टाकलं, इंटरॅक्टिव्ह, म्हणजे समोर माणूस बसून आर चालवत असेल तरच चालवायच्या अटीसह. एक बघून ठेवायचं : प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये वेगळी आरप्रोफाइल असेल तर आर तीच वाचतं, घरच्या फोल्डरमधली वाचतच नाही. दोन्हीकडे रंग हवे असतील तर प्रकल्पाच्या फाइलमधून घरची सोर्स करावी, म्हणजे चालवून घ्यावी लागते.

१४ मे

दोन दिवस कलरआउट लावून जुने तक्ते बघतेय. रिग्रेशनचं आउटपुट वाचायला झकास. शून्याची मर्यादा ठरवून देता येते, म्हणजे अमुक एका आकड्याच्या आतलं सगळं शून्याच्या रंगात येतं. पी-व्हॅल्यूच्या रकान्यावरून नजर फिरवायला फार सोयीचं. ज्याचा दिवस मॉडेल चालवण्यात जातो त्याने हे आजच लावावं.

आपल्या तक्त्याला मात्र हे लागू पडत नाही. आपल्याकडे ऋण आकडे तीन ठिकाणी येतात. पातळीतला फरक उणे ४ इंच, म्हणजे पाणी उतरतंय, जीव भांड्यात. पावसाची सरासरीपासूनची तफावत उणे असेल तर जूनमध्ये पेरणीची काळजी, आणि जुलैच्या शेवटी पूर चढलेला असताना तेच उणे हवंहवंसं. धरणाच्या साठ्यातला बदल उणे, म्हणजे पाणी सोडलंय, खालच्या गावांनी जागं व्हायचं. चिन्ह एक, अर्थ तीन. आणि कलरआउट बिचारं तिन्हींना एकच रंग देणार, कारण त्याला फक्त पुढचा उणे दिसतो.

संख्येच्या जातीवरून रंग द्यायचा की अर्थावरून, ह्याचा निकाल इथंच लागला. तक्त्यासाठी रंग स्क्रिप्टमधूनच द्यायचे, आपल्या अटींनी. कलरआउट माझ्या स्वतःच्या कन्सोलपुरतं राहील.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून घेतली. एनएला, म्हणजे नोंदच नसलेल्या जागेला, ते वेगळा रंग देतं. पुरात सगळ्यात मोठी बातमी कधीकधी आकड्यात नसतेच, रिकाम्या जागेत असते. एखाद्या केंद्राची नोंद आलीच नाही, म्हणजे तिथली वीज गेली, फोन बंद पडला, नाहीतर माणूस तिथवर पोचू शकला नाही. गेल्या वर्षीच्या तक्त्यात अशा जागी नुसती आडवी रेघ होती, आणि रेघेवरून नजर सहज घसरते. नोंद नसणं हे तक्त्यात सर्वांत ठसठशीत दिसलं पाहिजे.

१७ मे

तक्ता छापणारी स्क्रिप्ट आरस्क्रिप्टने चालते, म्हणजे नॉन-इंटरॅक्टिव्ह. कलरआउट तिथं आपणहून गप्प बसतं. ऑप्शन देऊन जबरदस्तीने चालू करता येतं, पण ते करायचं कारण उरलेलं नाही. आता सीएलआय, म्हणजे आपल्या कोडमधून मजकुराला रंग द्यायचं पॅकेज. त्याच कामाच्या जुन्या क्रेयॉनचा अनुभव होता, पण ते लिहिणारेच आता नव्या कामाला सीएलआय वापरा म्हणतात.

मुळात रंग ही काही आरची करामत नव्हे. अक्षरांच्या मध्ये टर्मिनलसाठी पेरलेल्या सूचना, बस. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलच्या काळापासून ही पद्धत रुळली. एस्केप हे न दिसणारं अक्षर (आरमध्ये उलटी तिरकी रेघ आणि ०३३), मग चौकटी कंस, आकडा आणि शेवटी इंग्रजी एम. ३० ते ३७ अक्षरांचे आठ रंग, ४० ते ४७ पार्श्वभूमीचे आठ, ९० ते ९७ उजळ. २५६ पैकी हवा असेल तर ३८;५; आणि पुढे क्रमांक; पार्श्वभूमीला ३८ ऐवजी ४८. अक्षराचा रंग पूर्ववत करायला ३९, पार्श्वभूमीचा ४९. शून्य दिला तर सगळंच पुसलं जातं, बाहेरचा ठळकपणाही. म्हणून एकात एक शैली असेल तिथं शून्य वापरायचा नाही.

अशा मजकुराला आरचं प्रिंट हे फंक्शन दिलं तर आर तो एस्केप जसाच्या तसा अक्षरांत लिहून दाखवतं, रंग दिसतच नाही. कॅट हे फंक्शन दिलं की रंग. डेटाफ्रेमच्या रकान्यात रंगीत मजकूर ठेवून प्रिंट मारणं म्हणून बाद. ओळ ओळ आपणच जुळवायची आणि कॅटने सोडायची.

१८ मे

वळीव. दुपारी चारपासून वीज नाही. काम नाही.

२० मे

आजचा दिवस रकाने सरळ करण्यात गेला.

पहिलं दुखणं रंगांचं. तीन अक्षरांच्या मजकुराला तांबडा रंग दिला की पुढे एस्केप, कंस, ३१, एम अशी पाच अक्षरं आणि मागे पूर्ववत करणारी पाच. अक्षरं मोजणारं एनकॅर विचारलं तर तीनऐवजी तेरा सांगतं. रकाने भरणाऱ्या स्प्रिंटएफला वाटतं रकाना भरला, ते मोकळी जागा सोडतच नाही, आणि रंगीत ओळ डावीकडे सरकते. म्हणजे जी ओळ महत्त्वाची तीच वाकडी. उपाय दोन : आधी जागा भरून घ्यायची आणि मग रंग द्यायचा, किंवा सीएलआयचं अ‍ॅन्सी-अलाइन वापरायचं, ते सूचना वगळून रुंदी मोजतं. मी अ‍ॅन्सी-अलाइन घेतलं. उद्या कुणी मधेच दुसरी शैली घातली तरी रकाना हलत नाही.

दुसरं दुखणं देवनागरीचं, आणि ते ह्याहून चिवट. 'कोल्हापूर' आपण चार अक्षरांत वाचतो : को, ल्हा, पू, र. युनिकोडच्या हिशोबात ती नऊ चिन्हं आहेत, कारण काने, मात्रा, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. आणि टर्मिनल पडद्यावर किती घरं देईल हे त्या टर्मिनलच्या मर्जीवर. माझ्या पडद्यावर 'गडहिंग्लज'ची ओळ बरोबर बसते, तीच काकांच्या लॅपटॉपवर एक घर पुढे. फॉन्ट बदलला की आणखी तिसरंच. आरने कितीही अचूक मोजलं तरी पलीकडचा पडदा तसाच मोजेल ह्याची हमी कोण देणार?

नावं इंग्रजीत लिहा हा सोपा सल्ला लगेच आला. तो मान्य नाही. मराठी माणसांनी मराठी माणसांसाठी केलेला तक्ता, त्यात 'हातकणंगले' रोमनमध्ये कशाला वाचायचं?

मग तालुक्याचं नाव शेवटच्या रकान्यात नेलं. आधी आकडे, मग नाव. नावामागे काहीच नसल्यामुळे त्याची रुंदी काहीही असो, कुणाला धक्का लागत नाही. दोन मिनिटं विचित्र वाटतं, मग डोळा सरावतो. काकांना तर आवडलंच. जुन्या पावसाच्या वह्यांत शेरा शेवटीच असायचा म्हणाले.

२३ मे

रंग लावायच्या अटी लिहिल्या. राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ.

अडचण अटीत नाही, आकडा लिहिण्याच्या पद्धतीत आहे. पातळी येते फूट-इंचांत, आणि घाईत टाइप करणारा मधे टिंब देतो. ४२ फूट ९ इंच झालं ४२.९. तासाभराने पाणी दोन इंच चढलं, ४२ फूट ११ इंच, ते झालं ४२.११. आरच्या दृष्टीने ४२.११ हा ४२.९ पेक्षा लहान. म्हणजे पाणी धोक्याच्या रेषेकडे चढत असताना तक्ता 'उतरतंय' म्हणून बाण खाली दाखवणार. आणि १० इंच तर आणखी मजेशीर : ४२.१० वाचताना शेवटचं शून्य गळतं आणि उरतो ४२.१, म्हणजे एक इंच.

म्हणून रकाना आधी मजकूर म्हणूनच वाचायचा, टिंबावर नाहीतर फूट-इंचाच्या खुणेवर तोडायचा, आणि सगळं इंचांत. ३९ फूट म्हणजे ४६८ इंच, ४३ फूट म्हणजे ५१६. तुलना फक्त इंचांत, छापताना परत फूट-इंच. इंचाचा भाग ११ च्या वर गेला तर ओळ नाकारायची आणि 'नोंद तपासा' लिहायचं.

चाचणीसाठी हाताने बनवलेले आकडे दिले : ३८ फूट ११ इंच साधं छापलं गेलं, ३९ फूट इशारा, ४२ फूट ११ इंच इशाराच आणि बाण वर, ४३ फूट धोका. ठीक.

राधानगरीच्या विसर्गालाही एक छोटी सोय केली. स्वयंचलित दरवाजा उघडला की प्रत्येकी १४२८ क्यूसेक. दरवाजांतून सुटणारा आकडा १४२८ च्या पटीत असेल तर शेजारी किती दरवाजे उघडले ते लिहायचं. २८५६ म्हणजे २. काका हा भागाकार तोंडी करतात, बाकीच्यांना लागतो.

२५ मे

रंग निवडले. साधा विचार असा होता : धोक्याला तांबडा, इशाऱ्याला पिवळा, बाकी ठीक ते हिरवं. आमच्यातला सगळ्यात लहान, स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला असलेला पोरगा, पडद्याकडे बघून म्हणाला, "ताई, तांबडं कुठलं आन हिरवं कुठलं? मला दोन्ही मातकटच दिसत्यात."

त्याला तांबड्या-हिरव्यातला फरक कळत नाही हे आम्हाला आजच कळलं. त्याला काही विशेष वाटलं नाही, सिग्नलला वरचा दिवा की खालचा ते बघतो म्हणाला. पण पहाटेची पाळी आठवड्यातून दोनदा त्याची असते. हिरवा तिथल्या तिथं रद्द. तसाही तो निरुपयोगीच होता, कारण 'सगळं ठीक' हे सांगायला रंग कशाला लागतो? ठीक असलेल्या ओळीने गप्प बसावं.

रंगांधळ्या डोळ्यांनाही वेगळे दिसतील असे रंग म्हणून ओकाबे-इतो संच प्रसिद्ध आहे. आर ४.०.० पासून, म्हणजे २०२० पासून, पॅलेट-कलर्स हे फंक्शन काही न सांगता तोच देतं. त्यातला शेंदरी धोक्याला आणि नारिंगी इशाऱ्याला घेतला. टर्मिनलच्या २५६ रंगांत ते नेमके नाहीत, जवळचे शोधावे लागतात. हिशोब सोपा आहे. ० ते १५ मूळ रंग. १६ ते २३१ हा सहा गुणिले सहा गुणिले सहाचा ठोकळा. प्रत्येक बाजूच्या पायऱ्या ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५. २३२ पासून २५५ पर्यंत करड्या छटा. ठोकळ्यातला क्रमांक म्हणजे १६ अधिक ३६ गुणिले लाल पायरी, अधिक ६ गुणिले हिरवी, अधिक निळी.

शेंदरी रंगाचे भाग २१३, ९४, ०. जवळच्या पायऱ्या २१५, ९५, ०, म्हणजे चौथी, पहिली, शून्यावी. १६ + १४४ + ६ = १६६. नारिंगी २३०, १५९, ०; जवळच्या २१५, १७५, ०; १६ + १४४ + १८ = १७८. पायऱ्या समान अंतरावर नाहीत हे लक्षात ठेवायचं : शून्यानंतर एकदम ९५, पुढे चाळीस-चाळीसने. पायऱ्या समान धरून गोल केलं की रंग चुकतो. ९५ ला २५५ ने भागून पाचाने गुणलं तर १.८६ येतं, गोल करून दुसरी पायरी, आणि शेंदरीचा जवळजवळ नारिंगी होतो. म्हणून क्रमांक हातानेच लिहिले.

० ते १५ मधले रंग घ्यायचेच नाहीत. ते टर्मिनलच्या थीमप्रमाणे बदलतात. सोलराइज्ड थीममध्ये 'उजळ' जागांवर बहुतेक करड्या छटाच बसवलेल्या आहेत, त्यामुळे तिथं उजळ हिरवा मागितला तर करडा मिळतो. १६ च्या पुढचे सहसा कुणी हलवत नाही.

२८ मे

काकांच्या लॅपटॉपवर बघितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते टर्मिनल पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवतात. माझा काळा. माझ्याकडे डोळ्यात भरणारा १७८ त्यांच्याकडे फिकट वरणासारखा पांढऱ्यात विरघळलेला.

काँट्रास्टचं गुणोत्तर काढून बघितलं. वेब सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ मागतात. १७८ पांढऱ्यावर साधारण २.१. १६६ पांढऱ्यावर ३.८. दोन्ही नापास. पण हेच रंग पार्श्वभूमीला देऊन वर काळं अक्षर ठेवलं तर १७८ वर १० च्या आसपास आणि १६६ वर ५.५. दोन्ही पास, आणि मुख्य म्हणजे अक्षर-पार्श्वभूमी दोन्ही आपण ठरवल्यामुळे टर्मिनल काळं की पांढरं हा प्रश्नच उरत नाही. काळं अक्षरही १६ क्रमांकाचं घ्यायचं, ० क्रमांकाचं नाही. कारण वर लिहिलंय.

नोंद नसलेल्या ओळीला रंग न देता उलट शैली, म्हणजे ७. काळ्या टर्मिनलवर पांढरी पट्टी, पांढऱ्यावर काळी. कुणाच्याही पडद्यावर ती सुटत नाही.

कालच्या आकड्यांचा रकाना २४४ मध्ये. हा बरोबर मधला करडा, तिन्ही भाग १२८. काळ्यावरही वाचता येतो, पांढऱ्यावरही, आणि कुठेच पुढे पुढे करत नाही.

शिवाय प्रत्येक पट्टीत शब्दही : 'इशारा', 'धोका', 'नोंद नाही'. रंग गेला तरी तक्ता वाचता आला पाहिजे.

काका : "तांबडा नाही ठेवलास व्हय?" म्हटलं, शेंदरी तांबड्याच्याच घरातला. त्यांनी पट्टी निरखली आणि 'चालतंय' म्हणाले.

३० मे

पावसाच्या रंगावरून वाद. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. महसूलच्या हिशोबात ६५ मिलिमीटरला अतिवृष्टी. पोराचं म्हणणं, उंबरठे तयार आहेत, लावून टाका.

लावून बघितलं, जुन्या जुलैच्या आकड्यांवर. गगनबावडा जवळपास कायम रंगलेला, राधानगरी आणि शाहूवाडी वरचेवर. चार दिवसांत तो रंग दिसेनासा होतो, डोळा त्याला सरावतो. काका म्हणाले, "गगनबावड्याला शंभर पडला तर छत्री उघडायची. शिरोळला शंभर पडला तर फोन करायचा." आणि त्यातही शिरोळची खरी काळजी शिरोळच्या पावसाची नव्हेच. वरच्या खोऱ्यात, कासारी-कुंभी-तुळशी-भोगावतीवर पडलेलं सगळं पाणी पंचगंगेतून तिकडेच जातं आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. शिरोळात ऊन पडलेलं असतं आणि रस्ता पाण्याखाली असतो.

ठरलं ते असं : पावसाला रंग नाही. प्रत्येक तालुक्याच्या स्वतःच्या जुन्या जुलै-ऑगस्ट नोंदींचा नव्वदावा शतमक (शंभरातल्या नव्वद नोंदी ज्याच्या खाली राहतात तो आकडा) काढायचा, त्याच्या वर गेला तर आकडा ठळक. ६५ च्या वर असेल तर शेजारी फुली, पंचनाम्यांसाठी ती लागते. पोरगा नाराज, पण त्याला शतमक काढणाऱ्या क्वांटाइल फंक्शनचं काम दिल्यावर खुलला. क्वांटाइलला एनए चालत नाही, आधी काढून टाकायला सांगावं लागतं; तेही त्यानेच शोधलं.

२ जून

पडद्यावर रंग हवेत आणि फाइलमध्ये नकोत. सीएलआय स्वतः ओळखतं : समोर टर्मिनल नसेल तर रंग बंद. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, स्क्रिप्ट पहाटे चालते तेव्हा लॉग स्वच्छ येतो. पण हाताने चालवताना आउटपुट टी ह्या कमांडमधून पडद्यासोबत फाइलकडेही पाठवलं, की आरच्या समोर टर्मिनल राहत नाही, पाइप येतो. रंग पडद्यावरूनही गायब. सीएलआयला रंगांची संख्या २५६ अशी ठासून सांगितली तर पडदा रंगीत होतो, पण फाइलमध्ये सूचनांचा कचरा. त्या फाइलमधला तुकडा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला तर लोक कंसातले १६६ हे क्यूसेक समजतील.

स्क्रिप्ट आता ओळी एकदाच तयार करते आणि दोनदा लिहिते : पडद्याला जशाच्या तशा, फाइलला अ‍ॅन्सी-स्ट्रिपमधून गाळून. टीची गरज संपली. फाइल खरंच स्वच्छ आहे का ते लिनक्सच्या कॅट कमांडला (आरच्या नव्हे) व्ही लावून बघायचं. एस्केप असेल तर टोपी आणि कंस दिसतात. रंगीत प्रत कुणाला हवीच असेल तर लेस ह्या कमांडला इंग्रजी मोठं आर अक्षर लावून वाचावी.

नो-कलर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळ्या प्रोग्रामना दिसणारी सेटिंग) लावला असेल तर सीएलआय रंग टाकत नाही. माझं स्वतःचं रंगांचं फंक्शन सीएलआयला विचारूनच सूचना पेरतं, २५६ पेक्षा कमी सांगितलं तर मजकूर तसाच परत. त्यामुळे हाही नियम आपोआप पाळला जातो.

वॉर्निंग आणि मेसेज दुसऱ्या वाहिनीतून, एसटीडीएररमधून जातात. क्रॉनच्या ओळीत ती वेगळ्या फाइलकडे वळवली. नाहीतर तारखेच्या रकान्याबद्दलची कुरकुर थेट तक्त्याच्या मधोमध येऊन बसते.

४ जून

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम आल्या होत्या, स्टेटा हे दुसरं सांख्यिकी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या. त्यांना हा सगळा खटाटोप बघून हसू आलं. स्टेटात डिस्प्ले अ‍ॅज एरर लिहिलं की तांबडं, अ‍ॅज रिझल्ट लिहिलं की निकालाचा रंग, आणि कुठला रंग कसा दिसायचा ते वापरणाऱ्याच्या रंगसंगतीत ठरतं. कोड लिहिणारा भूमिका सांगतो, रंग वाचणारा निवडतो. विचार पटला. आपल्या स्क्रिप्टमध्येही आता १६६ आणि १७८ कुठेच विखुरलेले नाहीत. 'धोका', 'इशारा', 'बेपत्ता', 'जुनं' अशी चार नावं आहेत आणि आकडे वरच्या एकाच यादीत. मॅडमना चहा पाजला.

६ जून

बाहेरून येणाऱ्यांची तपासणी. दोघंही टीमक्समध्ये काम करतात, म्हणजे एका टर्मिनलात अनेक टर्मिनलं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये. लाखो रंगांची सोय टर्मिनलला असली तरी ती सांगणारा कलरटर्म हा व्हेरिएबल एसएसएचमधून सहसा पलीकडे जात नाही, त्यामुळे आर तिथं कमीच रंग धरतं. आपण २५६ वरच थांबलो ते बरं झालं. टर्मिनलचा प्रकार सांगणारा टर्म व्हेरिएबल मात्र बघावा लागला : एकाकडे नुसतं 'स्क्रीन' होतं आणि सीएलआय आठ रंग सांगत होतं. टीमक्सच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन-२५६कलर' केलं, काम झालं.

८ जून

मृग निघाला. पाऊस नाही, नुसतं आभाळ. पहाटे पहिला तक्ता निघाला. सगळा साधा, कालचा रकाना करडा, आणि मधे एकच उलटी पट्टी : एका केंद्राची नोंद नाही. काकांचा साडेसहाला फोन, ती पट्टी बघूनच. चौकशी केली, तिथं नोंदी अजून सुरूच व्हायच्या आहेत. अशा केंद्रांना 'सुरू नाही' हा वेगळा शब्द हवा, साध्या अक्षरांत, पट्टीशिवाय. दुपारी घातला.

उरलेलं : पोराच्या घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजचं जुनं आरजीयूआय, म्हणजे आरची स्वतःची साधी खिडकी आहे. त्याच्या कन्सोलला ह्या सूचना कळत नाहीत. फार तर प्रेफरन्सेसमधून एकूण अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा रंग बदलता येतो. शब्द आहेत म्हणून त्याचं अडत नाही. तरी त्याला आरस्टुडिओ टाकून द्यायचं आहे, तिथं कलरआउट चालत नसलं तरी कन्सोलमध्ये हे रंग दिसतात. आणि काकांना अक्षर मोठं हवंय. ते स्क्रिप्टचं काम नव्हे, त्यांच्या टर्मिनलची सेटिंग रविवारी जाऊन बघते.